ऑर्फाचं न मागितलेलं शिंगरू

पूल संपून गाडी आमच्या वेस्कट बेटावर उतरली की पहिल्यांदा ती पाटी दिसते. पाटीवर सहा-सात वर्षांची एक मुलगी आहे. डोळे गच्च मिटलेले, गाल शिंगराच्या मानेला चिकटलेला, दोन्ही हातांनी त्याच्या गळ्याला मिठी. खाली लिहिलंय, ‘इथे प्रेम पोहत येतं.’ हे वाक्य आग विझवणाऱ्या आमच्या बंब मंडळाच्या सभेत हात वर करून मंजूर झालेलं आहे, त्यामुळे त्याचा अर्थ कुणी विचारत नाही.

ती मुलगी म्हणजे ऑर्फा टार. आता सत्तरीला टेकलेली, माझी शेजारीण, आणि जत्रेच्या स्वयंपाकघरातली आम्हा सगळ्या बायकांची मुकादम. फोटो नीट पाहिला तर त्यात वेणी एकच दिसते. दुसरी शिंगराच्या तोंडात आहे. ते ती गवतासारखी चघळत होतं आणि वेणी मुळासकट उपटून निघू नये म्हणून ऑर्फाने त्याची मान आवळून धरली होती. डोळे मिटले होते ते दुखत होतं म्हणून. शहरातल्या वर्तमानपत्राचा फोटोग्राफर नेमका तेव्हाच समोर आला आणि त्याला प्रेम दिसलं.

तेव्हापासून ती ‘तट्टांची ऑर्फा’. कपांवर ऑर्फा, टॉवेलांवर ऑर्फा, फ्रिजला चिकटवायच्या चुंबकांवर ऑर्फा. एल्वुड टार ही पाटी बघत मोठा झाला, मंडळाचा स्वार झाला आणि त्याने पाटीशीच लग्न केलं म्हणा ना. लग्नानंतरच्या पहिल्या वाढदिवसाला त्याने तिला घोड्याच्या आकाराचं घड्याळ आणलं. शेपटीचा लंबक होता. मग दरवर्षी काही ना काही. घोड्याचा दिवा, घोड्याची मीठदाणी, नालांचे हुक, उशांचे अभ्रे.

“तू कधी बोलली नाहीस त्याला?” मी एकदा विचारलं होतं.

“पहिल्या वर्षी बोलायला हवं होतं,” ऑर्फा म्हणाली. “दुसऱ्या वर्षी बोलले असते तर पहिल्या वर्षी खोटं हसले असं झालं असतं. त्यापेक्षा धूळ पुसणं सोपं होतं.”

एल्वुड गेल्यावर तिने सगळे घोडे खोक्यांत भरले आणि चर्चच्या जुन्या वस्तूंच्या विक्रीला देऊन टाकले. बेटावरच्या बायकांनी ते विकत घेतले, पुसूनबिसून रंगीत कागदात गुंडाळले आणि नाताळात तिलाच भेट दिले. घड्याळाला तर कुणीतरी नवीन शेपटी बसवून आणली होती.

हे सगळं ऑर्फा मला सांगते, कारण मी बाल्टिमोरहून लग्न होऊन आलेली. माझी मुलं इथेच जन्मली, इथेच शिकली आणि नोकरीसाठी बेट सोडूनही गेली, तरी मी अजून ‘बाहेरची’च आहे. बाहेरच्या माणसाला सांगितलेली गोष्ट बेटावर कुणाला सांगितली असं धरत नाहीत.

ऑर्फाचं खरं प्रेम होतं एका अंजिराच्या झाडावर. तिच्या सासूचं माहेर दक्षिणेकडच्या एका बेटावर होतं. ते बेट समुद्राने गिळलं तेव्हा लोकांनी लाकडी घरं तराफ्यांवर चढवून आणली आणि सासूच्या आईने बादलीत घालून अंजिराची फांदी आणली. ते झाड ऑर्फाच्या परसात आहे. त्याच्या मुरंब्याची एक बरणी वर्षातून एकदा माझ्याकडे येते आणि ती मी नवऱ्यापासून लपवून ठेवते.

परसाला लागूनच जत्रेचं मैदान, आणि मैदानात तट्टांचा गोठा. खाडीपलीकडच्या बेटावर तट्टं रानटी राहतात. त्या बेटाला नाव आहे, पण आम्ही नुसतं ‘पलीकडे’ म्हणतो. जुलैच्या शेवटी मंडळाचे स्वार ती वळून काठाला आणतात, भरती-ओहोटीच्या मध्ये खाडीचं पाणी थांबलं की पोहवत अलीकडे घेतात, दुसऱ्या दिवशी शिंगरांचा लिलाव होतो आणि तिसऱ्या दिवशी उरलेली तट्टं परत पोहत जातात. लिलावाच्या पैशातून आगीचे बंब येतात. जुलैअखेर अंजिरं पिकायला थोडेच दिवस उरलेले असतात. तेवढं थांबायची तट्टांना सवय नाही. दरवर्षी एखादं फळी मोडून ऑर्फाच्या परसात शिरतं आणि झाडाचा खालचा अर्धा भाग साफ करून जातं. यात्रेकरूंसारखे आलेले पाहुणे कुंपणापाशी उभे राहून म्हणतात, “बघा, ओळखतात तिला.”

बंब चांगले चार आहेत आमच्याकडे. लाल, चकचकीत, दर रविवारी धुतलेले. गेल्या कित्येक वर्षांतली मोठी आग जत्रेच्या स्वयंपाकघरातच लागली, तिसऱ्या-शिंपल्यांची भजी तळताना तेलाने पेट घेतला तेव्हा. ऑर्फाने खायच्या सोड्याचा अख्खा डबा उपडा केला आणि वर झाकण ठेवलं. बंब आला तोवर भज्यांचा पुढचा घाणा निघाला होता. स्वारांना उशीर झाला, कारण चिखलातले बूट लवकर निघत नाहीत. त्यांनी आग विझल्याची खात्री करून घेतली आणि भजी खाल्ली. त्या वर्षी शौर्याचं पदक मंडळाच्या अध्यक्षाला मिळालं.

अध्यक्ष म्हणजे कॅप्टन मर्विन बंटिंग. कॅप्टन यासाठी की त्याची एकदा होडी होती. ती धक्क्याला बांधलेली असतानाच बुडाली, पण हुद्दा वर तरंगत राहिला. एरवी मर्विन विमा विकतो आणि घरं भाड्याने देतो. वर्षातले तीन दिवस टोपी घालून घोड्यावर बसतो आणि उरलेले दिवस त्याबद्दल बोलतो. मनाने वाईट नाही. फक्त समोरचं माणूस बोलत असताना तो आपल्या पुढच्या वाक्याची तयारी करत असतो.

मंडळाचे नियम त्यानेच करून गोठ्याच्या दारावर रंगवून घेतले आहेत. त्यातले दोन सगळ्यांना पाठ आहेत. शिंगराचा नवा मालक हवं तर ते पलीकडे परत सोडू शकतो, आणि नाव ठेवायचा मान त्याचा. आणि एकदा ठेवलेलं नाव बदलणार नाही. हा दुसरा नियम ओहायोच्या एका माणसामुळे झाला. त्याने आपल्या परत सोडलेल्या घोडीला बायकोचं नाव दिलं आणि पुढच्या वर्षी दुसऱ्या बायकोला घेऊन आला. नावात नर-मादी बघायचं नाही हेही ठरून गेलेलं आहे, कारण एका विधवा बाईने कपाळावर चांदणी असलेल्या एका घोडीचं नाव हॅरल्ड ठेवलं. नवऱ्याचं होतं. हॅरल्डला आजवर पाच शिंगरं झाली.

तीन वर्षांपूर्वीच्या जत्रेच्या आदल्या आठवड्यात आम्ही स्वयंपाकघरात कोंबडीच्या रश्श्यात सोडायच्या पिठाच्या पट्ट्या लाटत होतो, तेव्हा नेटीच्या तोंडून बातमी सांडली. नेटी ही मर्विनची बायको; वयाने मोठ्या बाईला, लग्न झालेलं असलं तरी, इथल्या सगळ्यांसारखी ‘मिस’ म्हणते. तिच्या पोटात काही राहत नाही आणि मर्विनच्या डोक्यात.

“मिस ऑर्फा, तुम्हाला सांगायचं नाही असं ठरलंय,” ती म्हणाली, “म्हणून तुम्ही ऐकलं नाही असं समजा. लिलावात तुम्हाला शिंगरू मिळणार आहे. फोटोला साठ वर्षं झाली ना, त्याचा मान.”

ऑर्फाचं लाटणं थांबलं. “कशासाठी?”

“पाळायला. तुमच्या परसात. मर्विन म्हणतो, लोकांना पाटीवरची मुलगी आणि शिंगरू एकत्र बघायला मिळेल. गोठ्याच्या फळ्याही मागवल्यात. जागा मोजून झाली. ते अंजिराचं झाड तेवढं मध्ये येतंय.”

 ऑर्फाच्या परसामागे मर्विनने भाड्याची सहा नवी घरं बांधली आहेत आणि त्यांच्या गच्च्या नेमक्या तिच्या परसावर उघडतात, हे तिथे प्रत्येकीला माहीत होतं.

“मध्ये येतंय म्हणजे?” ऑर्फाने विचारलं.

“म्हणजे… येतंय,” नेटी म्हणाली आणि पीठ आणायला गेली.

त्या संध्याकाळी ऑर्फा एप्रन तसाच ठेवून मंडळाच्या कचेरीत गेली. मला बरोबर नेलं, साक्षीला. मर्विन टोपीला ब्रश मारत होता.

“मर्विन, मला शिंगरू नको.”

“कोणी सांगितलं तुम्हाला? नेटीने? मिस ऑर्फा, तुम्ही नाहीच म्हणणार हे मी सभेत आधीच सांगितलं होतं. तुमचा स्वभावच तो. कधी काही मागितलं नाहीत.”

“मागितलं नाही कारण नको होतं. मला घोडे आवडत नाहीत.”

मर्विन माझ्याकडे बघून हसला. “एल्वुड म्हणायचा, ही बाई प्रेम कधी बोलून दाखवणार नाही.”

“झाडाला हात लावायचा नाही.”

“झाड काय, दुसरीकडे लावू.”

“ते झाड माझ्या सासूच्या आईपासून आहे. ते उपटून दुसरीकडे जगणार नाही. आणि लोकांसमोर शिंगरू दिलंस तर मी लोकांसमोर नको म्हणेन.”

“माइक तुमच्याच हातात देणार आहे,” मर्विन म्हणाला. “हवं ते बोला.”

 परतताना फाटकाशी येऊन ती म्हणाली, “लोइस, साठ वर्षं लोकांनी मला न विचारता माझ्यातर्फे बोलून घेतलं. आता एकदा खरं बोलते. एकदाच बोलायचं आहे, तर नीट बोलेन.”

दुसऱ्या दिवशी सकाळी फळ्यांची गाडी तिच्या परसात रिकामी झाली. विचारायला कुणी थांबलं नाही.

लिलावाच्या दिवशी स्वयंपाकघर बंद ठेवून आम्ही सगळ्या लाकडी बाकांवर जाऊन बसलो. आमच्या लिलावात हात हलला की ती बोली. त्यामुळे बेटावरचं मूल बसायला शिकतं तेव्हाच हात मांडीवर ठेवायला शिकतं, मग खारपट्टीतले डास काहीही करोत. बाहेरचे लोक पहिल्या पाच मिनिटांत डास मारतात आणि डॉयल, आमचा लिलाव पुकारणारा, त्यांना घोड्याचे मालक करून सोडतो. आमची सवय इतकी खोल गेलीय की लग्नात, दफनातसुद्धा आम्ही हात मांडीवर ठेवून डास चावून घेतो. पाहुण्यांना ती श्रद्धा वाटते.

चार शिंगरं गेली. मग मर्विन घोड्यावरूनच मंचापाशी आला आणि माइक घेतला. त्याने पाटीबद्दल सांगितलं, प्रेमाबद्दल सांगितलं, बंबांबद्दल जरा जास्त सांगितलं. मग यंदा सर्वांत आधी पोहून काठाला लागलेलं शिंगरू पुढे आणलं. तांबूस अंगाची मादी होती, तोंड सगळं पांढरं, जणू कुणीतरी पिठात बुडवून काढलं होतं.

“मिस ऑर्फा,” मर्विन म्हणाला, “हे तुमचं. नको असेल तर हात वर करा.”

लोक हसले. बेटावरचं माणूस लिलावात हात वर करणार नाही हे त्याला ठाऊक होतं. मी ऑर्फाकडे बघितलं. तिचे दोन्ही हात मांडीवर एकमेकांत घट्ट अडकले होते. तिच्या गालावर डास बसला होता आणि फुगत चालला होता. डोळ्यांतून पाणी यायला लागलं, तरी हात हलले नाहीत.

“बघा, भरून आलं,” मागची बाई म्हणाली.

“दिलं,” डॉयलने हातोडा आपटला.

नंतर मला ऑर्फा म्हणाली, “मी उचलत होते गं. हातच येत नव्हते.”

पाय मात्र आले. ती उठली, बाकांमधून वाट काढत मंचावर चढली आणि मर्विनच्या हातून माइक घेतला.

“मला घोडे आवडत नाहीत,” ती म्हणाली.

मैदानभर हशा.

“कधीच आवडले नाहीत. त्या फोटोत ते माझी वेणी खात होतं. मी ती सोडवत होते.”

आणखी मोठा हशा. एका माणसाने टाळी वाजवायला हात उचलले आणि बायकोने ते खाली दाबले.

“एल्वुडलाही सांगायचं राहून गेलं,” ऑर्फा म्हणाली.

आता हशा थांबला. मैदानात रुमाल निघाले. माझ्या पुढ्यातली पेनसिल्व्हेनियाची बाई हुंदका देऊन म्हणाली, “अजूनही त्याच्याशी बोलते बिचारी.”

ऑर्फाने माइक खाली केला. मी तिला तेलाच्या भडक्यासमोर पाहिलं आहे, दोन मुलगे आणि नवरा यांच्या आजारपणात पाहिलं आहे, पण इतकी दमलेली कधी पाहिली नव्हती. खरं बोलून झालं होतं. सगळ्यांनी ऐकलं होतं. आणि झाड उद्या जाणार होतं.

शिंगराने तेवढ्यात मान लांब करून तिच्या एप्रनची नाडी तोंडात धरली. ऑर्फाने ती त्याच्या दातांतून सोडवली, ओली नाडी एप्रनला पुसली, आणि तिची नजर गोठ्याच्या दारावर गेली. तिथे मर्विनचे नियम रंगवलेले होते. ती ते बराच वेळ वाचत राहिली. तिच्या जन्मात त्या दारावरून ती हजारदा गेली असेल.

माइक पुन्हा वर झाला.

“मर्विन, हे शिंगरू माझं?”

“तुमचंच, मिस ऑर्फा.”

“पुरतं माझं? उद्या कुणी काही म्हणणार नाही?”

“सगळ्या बेटासमोर सांगतो. तुमचं.”

“मग मी ते पलीकडे परत सोडते.”

लोक उभे राहिले. बाहेरच्यांनी शिट्ट्या मारल्या. पेनसिल्व्हेनियाची बाई म्हणाली, “प्रेम असावं तर असं, मोकळं सोडणारं.” मर्विनही हसत होता, पण त्याचं हसू फळ्यांचा हिशेब करत होतं.

“आणि नाव मी ठेवायचं ना?” ऑर्फाने विचारलं.

“तुमचाच मान. गोडसं काहीतरी ठेवा.”

“मर्विन बंटिंग.”

“हां, बोला, मिस ऑर्फा.”

“तुला नाही हाक मारली. तिचं नाव.”

 मर्विनने घोड्यावरून वाकून माइकवर हात ठेवला, पण तो नीट झाकला गेला नव्हता. “मिस ऑर्फा, अहो, ही मादी आहे.”

“हॅरल्डही मादीच आहे.”

डॉयलने मर्विनकडे पाहिलं, मग दारावरच्या नियमांकडे पाहिलं. डॉयलचं घर मर्विनकडून भाड्याने घेतलेलं आहे आणि त्याचं छप्पर गळतं. त्याने हातोडा आपटला. “मर्विन बंटिंग, मादी, तांबूस. परत पलीकडे.”

माझ्या शेजारी नेटी हात मांडीवर ठेवून बसली होती. तिचे खांदे हलत होते.

तिसऱ्या दिवशी मर्विन बंटिंग आपल्या आईच्या मागे पाण्यात उतरली आणि पोहत पलीकडे गेली. ऑर्फाने त्या फळ्यांचं उंच कुंपण अंजिराभोवती घालून घेतलं. मर्विनने फळ्या परत मागितल्या नाहीत. मागायच्या तर कशासाठी आणल्या होत्या ते आधी सांगावं लागलं असतं.

हिवाळ्यात त्याने मंडळाची सभा बोलावली. नाव बदलण्याच्या नियमावर फेरविचार, एवढाच विषय होता. मर्विन बराच वेळ बोलला. बाहेरच्या लोकांचा गैरसमज होतो, विम्याच्या धंद्यावर परिणाम होतो, परंपरेची शोभा राहत नाही. “बाजूने असतील त्यांनी हात वर करावेत,” तो शेवटी म्हणाला.

हिवाळ्यात डास नसतात. तरी सगळ्यांचे हात मांडीवर होते.

पाटी अजून पुलाच्या तोंडाशी आहे. खालचं वाक्य बदललंय, ‘प्रेम म्हणजे परत सोडणं.’ कपांवरही तेच छापलं आहे आणि कप पूर्वीपेक्षा जास्त खपतात. ऑर्फाचं खरं कुणालाच पटलेलं नाही. तिने पुन्हा सांगण्याचा प्रयत्नही केला नाही. नाताळात तिला अजून घोडे मिळतात.

एक मात्र बदललं. इतकी वर्षं तट्टं पोहून यायच्या दिवशी ऑर्फा स्वयंपाकघराबाहेर पाऊल टाकत नसे. आता भोंग्यावर नावं पुकारायला लागले की ती विस्तव मंद करते आणि ओले हात एप्रनला पुसत दाराशी येऊन उभी राहते. आम्ही सगळ्याच येतो. दाराशी जागा कमी पडते.

पहिल्या वर्षी डॉयलने पुकारलं, “मर्विन बंटिंग पाण्यात उतरायला तयार नाही, कुणीतरी मागून ढकला.” दुसऱ्या वर्षी, “मर्विन बंटिंगच्या शेपटीत काटे आहेत, पाहुण्यांनी जवळ जाऊ नये.” त्याच संध्याकाळी तिने ऑर्फाच्या कुंपणावरून मान घालून हाती लागतील तेवढी अंजिरं खाल्ली. ऑर्फाने खिडकीतून पाहिलं आणि पडदा ओढून घेतला.

यंदा सकाळी जनावरांच्या डॉक्टरांनी तपासणी केली. भोंगा खरखरला. मर्विन, म्हणजे टोपीवाला, घोड्यावर बसून आमच्या दारासमोरच उभा होता.

“मर्विन बंटिंग,” डॉयलने अख्ख्या बेटाला सांगितलं, “गाभण आहे. तब्येत उत्तम.”

आम्ही कुणी हसलो नाही. ऑर्फाने नेटीकडे पाहिलं.

“मला घरी काही बोलला नाही,” नेटी म्हणाली.

“सांगायला लाजत असेल,” ऑर्फा म्हणाली, आणि तेल तापलं होतं म्हणून आत गेली.